चिंधी बांधलेली कणसं

हुरड्याचं नाव काढलं तरी आजकाल मला मळमळतं. हुरड्याची काही चूक न्हाई. चूक कुणाची, तेच सांगून राहिलो.

मी नजीर. नांदेडात एका टूरवाल्याची सतरा सीटची गाडी चालवतो. थंडीत दर रविवारी सकाळी सहाला गाडी भरायची, लोह्यावरून जळकोटाकडं बालाघाटच्या डोंगरात जायचं, माणसं माथ्यावर चढवायची, दुपारी खाली शेतात हुरडा खाऊ घालायचा आन् दिवेलागणीला परत आणून सोडायचं. ‘निसर्गाच्या कुशीत एक दिवस’ असं गाडीच्या काचेवर लिवलंय. त्या कुशीत ही शिकली-सवरली माणसं काय काय टाकून येतात ते मला विचारा, कारण मागं राहून मीच उचलतो. एकदा झऱ्यात पोराचं भरलेलं डायपर सापडलं. त्याच झऱ्याला खालच्या वस्तीवरच्या बाया पाणी भरतात. मी काडीनं उचललं आन् बाजूला जाऊन वकलो.

गाईड म्हणजे सुदर्शन, मालकाचा भाचा. गळ्यात शिट्टी, हातात माईक. डोंगराची त्याला काडीची माहिती न्हाई, पण गप बसवत न्हाई. माथ्यावर एक सपाट दगड हाय. एका रविवारी तो राजाचं सिंहासन, दुसऱ्या रविवारी राणीची न्हाणी. लोक त्याच्यावर बसून फोटो काढतात. मला पहिल्याच दिवशी त्यानं सांगून ठेवलं व्हतं, “ड्रायव्हरनं पॅसेंजरशी बोलायचं न्हाई. आपलं स्टॅंडर्ड राहत न्हाई.” ऐकून अंगावर शिसारी आली. पण रविवारचं काम व्हतं, म्हणून गप राहिलो.

हुरडा खायचा तो गुणाबाईच्या शेतात. गुणाबाई साठीच्या पुढची. डोंगराच्या पायथ्याला दोन एकर जमीन. नवरा मागंच गेला, लेक शिल्पा उदगीरला दिलेली. म्हातारी एकटीच पेरते, एकटीच राखते आन् पाखरांना अशा शिव्या देते की ऐकणाऱ्यानं कान झाकावं. शेतात कुणी आलं की आधी हातावर गरम कणीस ठेवणार, नाव-गाव मागनं विचारणार. माझं नाव तिसऱ्या खेपेला विचारलं. मी सांगितलं तर म्हणली, “मग रोजे असले की आधी सांगत जा बाबा. न्हाईतर मी सवयीनं हातावर ठेवीन आन् तुझं मोडंल.” तवापासून मी तिला मावशी म्हणतो.

शेतावर आलेल्या माणसाकडून हुरड्याचे पैसे घ्यायचे नसतात, असं तिचं. सुदर्शन पॅसेंजरकडून काय घेतो ते तिला ठाऊकच न्हाई. ती बिचारी समजते, पाव्हणे हायेत.

बाकी सारं रान दुकानातल्या बियाचं, बाजाराची ज्वारी. पण बांधाच्या कडंनं तीन ओळी गुळभेंडीच्या, खास हुरड्याच्या गोड ज्वारीच्या. ते बी तिच्या सासूनं दिलेलं, चाळीस वर्षांमागं. आजूबाजूच्या गावात ते आता कुणाकडंच राहिलं न्हाई. दाणा भरायला लागला की मावशी त्या ओळीतनं हिंडायची, ज्वारीचं एकेक धाट निरखायची आन् सगळ्यात भरदार कणसाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीचं कणीस कुणी तोडायचं न्हाई. ते उभ्या धाटावरच वाळवायचं, मग घरात आढ्याला टांगायचं. पुढच्या साली तेच पेरायचं. गेल्या साली रानडुकरांनी ओळी लोळवल्या, मागचं व्हतं तेवढं यंदा पेरलं, म्हणून घरात मूठभरबी जुनं बी शिल्लक न्हाई. यंदाची बावीस कणसं, तेवढंच काय ते. हे तिनंच मला सांगितलेलं. सुदर्शननं कधी विचारलं न्हाई.

जानेवारीतला शेवटचा रविवार. तीन ओळीतला हुरडा खाऊन संपत आला व्हता. चिंधीची कणसं सोडली तर पाच-पन्नास राहिली असतील, तीबी किडकीमिडकी. माणसं डोंगर उतरून आली. गोवऱ्यांची आगटी पेटलेली. मावशीनं व्हतं ते भाजून, चोळून वाढलं. मग म्हणली, “नजीर, वस्तीवरनं दही घेऊन येते. चिंधीकडं ध्यान ठेव बरं.”

“जा मावशी, मी हाय ना,” मी म्हणलो.

मी हाय ना. काय माझी जीभ.

ती बांधाआड गेली आन् हिकडं माणसं अजून मागायला लागली. राजशेखर म्हणून एक जण व्हता, सकाळपासून मोबाईलसमोर एकटाच बोलत फिरणारा. त्यानं त्या ओळी बघितल्या आन् विचारलं, “सर, ह्या कणसांना कापडं कामून बांधली?”

सुदर्शननं माईक तोंडाला लावला. “ही ह्या भागातली जुनी परंपरा. शेताची मालकीण स्वतःच्या साडीचा पदर फाडून मानाच्या पाव्हण्यांसाठी कणसं राखून ठेवते. हा खास हुरडा आज आपल्यासाठी.”

मी दोन पावलं पुढं झालो. “सर, ते बी—”

“नजीर, गाडीतली पाण्याची पेटी आण.”

आन् मी गेलो. पन्नास वर्षांचा माणूस, पाण्याची पेटी आणायला गेलो. वाटलं व्हतं येऊन सांगू, एका मिनिटात काय व्हतंय. पेटी घेऊन आलो तवर ओळ बोडकी झाली व्हती. कणसं आगटीत, चिंध्या मातीत. राजशेखरनं एक चिंधी मनगटाला बांधून घेतली व्हती आन् मोबाईलला दाखवून राहिला व्हता.

तवाबी बोलता आलं असतं. चार कणसं तरी आगटीतनं ओढता आली असती. मी पेटी खाली ठेवली. सकाळपासून पोटात एक चहा. सुदर्शननं भाजलेलं कणीस माझ्याकडं फेकलं. “घे, तूबी मानाचा.” सगळे हसले. मीबी हसलो. मग चोळलं, फुंकलं आन् खाल्लं. एक न्हाई, दोन. त्या माणसांची किळस मला चार वर्षांपासून येते. माझी त्या दिवसापासून.

मावशी डोक्यावर दह्याचं गाडगं घेऊन आली. आधी तिला राजशेखरच्या मनगटावरची चिंधी दिसली, मग ओळ. मला वाटलं आता पाखरांना देते तसल्या शिव्या देईल, आन् खरं सांगतो, माझी तीच इच्छा व्हती. तिनं गाडगं उतरवलं आन् एकेकाला दही वाढत गेली. पाव्हणे शेतात बसलेले असताना तिच्या तोंडातनं वाकडा शब्द निघाला न्हाई. सुदर्शन माईकवर म्हणला, “मावशींसाठी जोरदार टाळ्या.” वाजवल्या की त्यांनी. खरकट्या हातांनी.

पत्रावळ्या तिथंच टाकून सगळे गाडीत जाऊन बसले. मी उचलाय लागलो. मावशी तांब्या घेऊन माझ्याजवळ आली.

“तू हितंच व्हतास ना?”

“हाव.”

“सांगितलं न्हाईस त्यांना?”

मी खाली बघत पत्रावळ्या गोळा करत राहिलो.

“तूबी खाल्लीस?”

“न्हाई, मावशी.”

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. गरम कणीस चोळलं की तळवे काळे व्हतात, ते तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक. तिनं तांब्या वाकडा केला. “धू,” म्हणली. मी पत्रावळ्या ठेवल्या आन् हात धुतले. तिनं सगळं पाणी ओतेस्तोवर धुतले. सुदर्शन गाडीतनं शिट्टी वाजवून राहिला व्हता.

“गोड व्हती का रे?” तिनं विचारलं. आवाजात राग न्हाई, काही न्हाई. “चाळीस वर्षं बांधत आले, पण चिंधीचं मी कधी खाल्लं न्हाई. म्हणून विचारते.”

“लई गोड व्हती, मावशी,” मी म्हणलो.