दोष आढळला नाही

माझा मामा बंदुका दुरुस्त करायचा, पण बंदुकांपेक्षा त्याचा जीव फडक्यावर जास्त. शिकाऱ्याने रायफल बाकावर ठेवली रे ठेवली की ठरलेला क्रम सुरू. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे ओढायचा, काडतुसाच्या जागी करंगळी घालून मोठ्याने "रिकामी" म्हणायचं, आणि मग रॉकेलच्या फडक्याने ती आतून-बाहेरून लख्ख पुसायची. तक्रार काय आहे, ते त्यानंतर. "घाणेरड्या बंदुकीची नाडी लागत नाही," असं म्हणायचा. स्वतःचा शर्ट मात्र मामीला दोनदोनदा भिजत घालावा लागे. आई गेल्यावर मी त्यांच्याकडेच वाढले, म्हणून हे सगळं मला तोंडपाठ आहे.

मास्तर आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीत रानडुकरांच्या मागे जायचे. एकदा ते आपली जुनी रायफल घेऊन आले. चेहरा पांढराफटक.

"काल अंगणात सेफ्टी पुढे ढकलली आणि गोळी सुटली," ते म्हणाले. "ट्रिगरला बोट नव्हतं. खरं सांगतो."

त्या बनावटीची एक खोड होती. सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणूनची कळ, लावलेली असली की बोल्ट उघडतच नसे. म्हणजे घरी येऊन काडतुसं काढायची, तर आधी सेफ्टी पुढे ढकलून काढणं आलंच.

मामा हसला. "मास्तर, बंदूक कधी आपणहून बोलत नाही. बोटच बोलतं."

त्याने ती पुसली, शेगडीजवळच्या वाइसमध्ये, त्या लोखंडी पकडीत, आवळली आणि पन्नास वेळा सेफ्टी मागे-पुढे केली. काडतुसावर आपटणारी पिन एकदाही पडली नाही. मग पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर "दोष आढळला नाही" असं लिहून खाली सही ठोकली आणि ती रायफलीला बांधून दिली. मास्तर ओशाळून निघून गेले. मलाही तेव्हा हसू आलं होतं, ते आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते.

दोन वर्षांनी, ऐन थंडीत, मास्तर शिकारीहून परतले, अंगणात उभे राहिले आणि काडतुसं काढायला त्यांनी सेफ्टी पुढे केली. नळी भिंतीकडे होती. भिंत फळ्यांची होती. पलीकडे त्यांची बायको भांडी विसळत होती.

"बोट नव्हतं," मास्तर चौकशीत पुन्हा पुन्हा सांगत राहिले. समोर मामाची चिठ्ठी ठेवली गेली. मग त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांची एकुलती एक मुलगी पोस्टात कामाला होती. "निदान कबूल तरी करा, बाबा," एवढंच बोलून ती घर सोडून गेली. त्याच गावात राहायची, पण बापाच्या दाराकडे नऊ वर्षं फिरकली नाही.

मास्तरांना ती रायफल घरात नको होती, म्हणून चौकशीनंतर ती आमच्याकडे आली. मामाने ती मागच्या थंड खोलीत खुंटीवर टांगली, आणि पुसली नाही. त्याच्या आयुष्यात न पुसलेली ती एकच बंदूक. मी विचारलं, तर "राहू दे," म्हणाला. मला तिची भीती वाटायची. त्या खोलीतून काही आणायचं झालं, तर मी भिंतीला पाठ न करता, कडेकडेने जायची.

यंदा मास्तर आजारी पडले आणि त्यांनी निरोप धाडला, की ती रायफल मोडीत काढा. मामाने एका सकाळी ती खाली काढली. करंगळी घातली, "रिकामी" म्हणाला, बोल्ट बंद केला, तिथल्याच जुन्या वाइसमध्ये आवळली. सेफ्टी लावून पाहिली, पुढे केली.

टक.

पिन पडली होती. मामा आपल्या हाताकडे बघत राहिला.

"तू कर," तो मला म्हणाला. दहा वेळा काहीच झालं नाही. अकराव्यांदा माझा फक्त अंगठा सेफ्टीवर होता, आणि टक.

मामा स्टुलावर बसला. "आत तेल गोठलंय," तो म्हणाला. "थंडीत ट्रिगरचा खटका जागेवर परत येत नाही. सेफ्टीनेच काय ती पिन धरलेली असते, ती काढली की पिन पडते. आणि मी त्या दिवशी काय केलं? आधी पुसलं. शेगडीजवळ ठेवलं. मग दोष शोधला."

मामी दारातच उभी होती. "तुमची सही आहे त्या चिठ्ठीवर. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत," मामा म्हणाला आणि चपला घालून पोस्टाकडे गेला.

मास्तरांची मुलगी आली ती पर्स काखेत धरूनच. मामाने सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता. मग बोल्ट ओढून, बंद करून, सेफ्टी लावून तो बाजूला झाला. तिने सेफ्टी ढकलली. काही नाही. मामाने पुन्हा बोल्ट ओढला, तिने पुन्हा ढकलली. सात वेळा झालं.

"म्हातारपणी चांगलं व्हायला निघालात, काका," ती म्हणाली आणि दाराकडे वळली. मी तिच्यामागे निघाले. मामा खिडकीशी होता. सेफ्टी पुढेच होती आणि वाइसपासून हातभर अंतरात कुणीही नव्हतं.

टक.

ती वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "आता कोणी हात लावला?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

तशीच ती बापाच्या घरी गेली. मामा आणि मी मागोमाग. मास्तर खाटेवर बसले होते, उजवा हात चादरीखाली लपवून. तो हात ते कुणाला दिसू देत नाहीत, असं शेजारीण सांगायची. मुलीने चादर सारली, तो हात दोन्ही हातांत घेतला आणि रडत सगळं सांगितलं. बोट नव्हतं, बाबा. तुमचं बोट नव्हतं.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी घरी आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी आपल्या त्या बोटाकडे पाहिलं.

"उगाच माझ्यासाठी खोटं कशाला बोलतेस, बाळ?" ते म्हणाले. "लावलं होतं मी बोट. नऊ वर्षं आठवत बसलो, आता मला चांगलं आठवतंय. ट्रिगर गार होता."