बर्फातलं नाणं

जाधव मॅडमच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये बर्फाने भरलेली एक वाटी असायची आणि त्या बर्फावर रुपयाचं नाणं. मला वाटलं, देवाचं काही असेल. मॅडम हसल्या. "देवाचं न्हाय गं, राखणदार हाय. लाइट जाऊन बर्फ वितळला की नाणं बुडतं. लाइट आल्यावर बर्फ पुन्हा होतो, पण नाणं काय वर येत न्हाय."

मॅडम मूळच्या बेंबळीच्या. उमरग्याला आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रीतसर परवानगी काढून त्यांनी रुग्णांचं रक्त जमवलं आणि नळ्या त्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. विषाणूशी झुंजताना शरीर स्वतःच्याच पेशींची किती नासाडी करतं, ते त्यांना मोजायचं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली; मला पटकन कळेना. मॅडमनी सोपं करून सांगितलं, "तेल उघडं राहिलं की खवट होतं ना? पेशीच्या आवरणात चरबीच असती. तीबी खवटते. रक्तातला पिवळा द्रव काढायचा, रसायन घालून उकळायचा. रंग जितका गुलाबी, तितका खवटपणा."

माझ्या आबांचंही रक्त त्यात होतं. सास्तूरहून दवाखान्यात आणलं तेव्हा त्यांना धड बोलवत नव्हतं. तरी हात पुढं करून म्हणाले, "घ्या बाई, कुणाच्या तरी कामी येऊ द्या." त्याच आठवड्यात ते गेले.

लाट ओसरल्यावर कॉलेजने कोरोना योद्ध्यांचा सत्कार ठेवला. मॅडमनाही शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रीजर उघडला, तर सगळं टणक गोठलेलं आणि नाणं वाटीच्या तळाशी. स्पीकरसाठी कुणीतरी फ्रीजरची पिन काढली होती आणि सकाळी गुपचूप परत लावली होती.

प्राचार्य म्हणाले, "गोठलेलंच आहे की, मॅडम! मोजून टाका. अहवाल पाठवायचाय."

"सर, नळीतल्या नळीत खवटलंय ते. आता निघंल तो आकडा आजाराचा, का आपल्या फ्रीजरचा?"

"नाण्याचं कोण विचारतंय?"

"मी विचारते."

नमुने नष्ट करण्याआधी त्यांनी मला बोलावलं. "तुझ्या आबांनी खरं रक्त दिलं होतं. त्याच्यावर खोटा आकडा कसा लिहू?" आबांची नळी त्यांनी सगळ्यात शेवटी उचलली.

पुढच्या वर्षी मॅडमना तासिका मिळाल्या नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही.

सत्काराचा फोटो कॉलेजच्या भिंतीवर अजून आहे. शाल पांघरून मॅडम हसताहेत. मागं काळा स्पीकर आहे आणि त्याची वायर प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत गेली आहे.