नायकाच्या नावावरचा फ्लॅट

बिजलीबाई तशी कोणाच्या बापाला भिणारी बाई नाही. दारव्ह्याच्या बाजारात काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याची कॉलर धरलेली बाई ती! पण या उन्हाळ्यात यवतमाळच्या आपल्याच फ्लॅटमध्ये दाराची बेल वाजली की ती हातातलं काम टाकायची. आधी गॅस बंद करायची, मग पावलं न वाजवता जाऊन दाराच्या भिंगातून पाहायची. घर तिचं होतं, पण कागदावर तिचं नव्हतं.

हा सगळा घोळ तिच्या नवऱ्यानं, देवीलालनं करून ठेवलेला. एसटीत ड्रायव्हर होता तो. फ्लॅट घेताना बिल्डरनं विचारलं, नाव कोणाचं लावू? तर या शहाण्यानं आपल्या बंजारा तांड्याच्या नायकाचं, लालसिंगचं नाव सांगितलं! शहरातला माणूस ऐकून कपाळाला हात लावेल. पण बापा, तांड्यात सोयरीक नायकाशिवाय ठरत नाही की भांडण नायकाशिवाय मिटत नाही. तांड्याबाहेर पहिलं घर घेतोय, तर नायकाच्या नावानं घ्यावं. त्याला मान आणि आपल्याला आधार, एवढंच देवीलालच्या डोक्यात. लालसिंग वास्तूला आला, पोटभर जेवला, आशीर्वाद देऊन गेला. त्याच्याही मनात पाप नव्हतं. आता चूक कोणाची म्हणायची, सांगा!

पुढे दोघंही वारले. इमारत उभी सरकारच्या नझूल जागेवर, आणि तिचा तीस वर्षांचा भाडेपट्टा यंदा संपला. मुदत वाढवून घ्या, नाहीतर फ्लॅटवरचा हक्क जाईल, असं नझूल ऑफिसनं इमारतीतल्या सगळ्यांना कळवलं. बिजलीबाई ऑफिसात गेली तेव्हा बाबू कागद पाहून म्हणाला, "बाई, तुमचं तं नावच नाई इथं. लालसिंगचा वारस आणा. आधी त्याच्या नावावर चढन, मंग मुदत वाढन. त्याच्यानंतर तो तुम्हाले लिहून देईन तं देईन."

ते 'देईन तं देईन' तिच्या काळजात जाऊन बसलं.

कारण वारस कोण, तर रामधन. लालसिंगचा एकुलता एक मुलगा आणि आता तांड्याचा नायक. याच रामधननं मागं आपल्या मुलासाठी बिजलीबाईच्या बबिताला मागणी घातली होती. आणि बिजलीबाईनं काय करावं? भर तांड्यासमोर म्हणाली, "माही पोरगी तुह्या घरचं शेण काढाले नाई जन्मली." झालं! नायकाची मान खाली गेली, आणि त्यानंतर तिनं तांड्यात पाय ठेवला नाही.

"याडी, त्यायनं नाई म्हटलं तं?" बबितानं विचारलं. दवाखान्यात नर्स झाली होती ती, पण आईला अजून तांड्यातल्यासारखं याडीच म्हणायची.

"तं रस्त्यावर जाऊ, दुसरं काय," बिजलीबाई खेकसली. भीती वाटली की तिला राग यायचा.

शेवटी जीपमध्ये बसून ती तांड्यावर गेली. तिला पाहून पाणी भरणाऱ्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. रामधन लिंबाखाली बाजेवर बसला होता. त्यानं बस म्हटलं नाही, तिनंही वाट पाहिली नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. तो शिव्या देईल, जुनं काढेल, म्हणून ती मन घट्ट करून आली होती. रामधननं एवढंच विचारलं, "कधी याचं ऑफिसात?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! मनात काय आहे ते तरी कळलं असतं.

ठरल्या दिवशी तो ऑफिसात आला. बाबूनं विचारलं, "फ्लॅट तुमच्या वडिलांचा?"

"हो."

"म्हणजे आता तुमचा?"

रामधननं एकदा बिजलीबाईकडे पाहिलं. "हो. माहा."

असंच म्हणायचं हे तिनंच त्याला समजावून सांगितलं होतं. तरी ते ऐकून तिनं भिंतीला हात टेकला. पुढे रीतसर सगळं झालं. पट्टा पुन्हा तीस वर्षांसाठी वाढला, रामधनच्या नावावर. तिच्या नावाच्या कागदासाठी पुढच्या सोमवारी या, म्हणाले. रामधन चपला घालून निघून गेला. येतो म्हटलं नाही की येणार नाही म्हटलं नाही.

तो आठवडा बिजलीबाईनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. अन्न गोड लागेना. एक दिवस तर बबिता कामावरून आली तेव्हा आई पितळेची भांडी पोत्यात भरत होती. "येडी झाली का?" म्हणत पोरीनं सगळी परत फळीवर लावली.

रविवारी दिवस कलताना बेल वाजली. बिजलीबाईनं भिंगातून पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर रामधन आणि त्याची बायको. दोन भरलेली पोती, वर बांधलेली वळकटी.

"आला वं माय! राह्यालेच आला!" ती पुटपुटली. कडीवरचा हात काही केल्या हलेना. बेल पुन्हा वाजली. शेवटी बबितानंच पुढे होऊन दार उघडलं.

दोघांनी चपला जिन्यातच काढल्या होत्या. रामधन दाराबाहेर उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही.

"काकी, आत येऊ?" तो म्हणाला. "सकाळची जीप उशिरा पोचते, ऑफिस चुकन. घर तुह्या नावावर करून द्याचं हाये ना उद्या? म्हून आजच आलो. हे गहू आन् तूर, घरचं हाये. आमी दोघं गॅलरीत पडून राहू रातभर. चालन?"

बिजलीबाईनं पुढं होऊन वळकटी उचलली, आतल्या खोलीत नेली आणि देवीलालच्या पलंगावर ठेवली.