कोंडलेली भट्टी

रसायनशास्त्र मी उत्तम शिकवायचो. उगाच नम्रपणाचा आव कशाला आणू? भोरच्या शाळेत फळ्यावर दोन उलट बाण काढून उलटसुलट चालणाऱ्या क्रिया समजावल्या, की मागच्या बाकावरचेही माना डोलवायचे. एवढं सगळं डोक्यात असून वेल्ह्याजवळच्या आमच्या गावी मी काय दिवे लावले, ते ऐका.

माझे वडील, आबा, गवंडी. त्या उन्हाळ्यात त्यांनी गावाची विहीर बांधायला घेतली होती. पावसाआधी चुन्यात दगड बसले नाहीत, तर कडा ढासळून सगळी खोदाई मातीत जाणार. आबांची साठी उलटलेली, त्यांच्या हातून हे काम होतंय का, अशी कुजबुज आधीच सुरू होती. चुनखडी भाजायची भट्टी ते स्वतः लावत आणि तिचं तोंड उघडं ठेवत. सुटीत आलो, तर वरून एवढी आच वाया चाललेली! आमच्या डोंगरात कोळसा पाडणारे भट्टी मातीनं लिंपतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

"आबा, तोंड लिंपून घ्या. निम्म्या लाकडात काम होईल."

"चुन्याची भट्टी आमी कदी लिंपत न्हाई," आबा म्हणाले. पण मुलगा पडला बी.एस्सी.! त्यांनी मुकाट्यानं चिखल कालवला.

चार दिवसांनी भट्टी फोडली आणि एक खडा पाण्यात टाकला. नीट भाजलेला खडा पाण्यात फसफसून फुटतो. आमचा आपला ढिम्म! दुसरा टाकला, तिसरा टाकला, तेच. तेव्हा मला फळ्यावरचे ते दोन उलट बाण आठवले. चुनखडी तापली की तिच्यातून वायू सुटतो, मागे चुना उरतो. वायूला वाट दिली नाही, तर तोच चुना त्याला परत गिळतो आणि पुन्हा दगड होतो. सुटणं आणि गिळणं सारख्या वेगानं चाललं की समतोल, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काही घडतच नाही. हे मी शेकडो वेळा शिकवलं होतं हो! इथे आग कोंडली, वायूही कोंडला.

गाव जमलं. "माज्या हातनं चुकलं," आबा म्हणाले. "आनखी येक भट्टी लावू द्या." मी खाली मान घालून गप्प उभा राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते.

कुरकुरत का होईना, लोकांनी लाकडं आणली. या वेळी तोंड सताड उघडं ठेवलं. वायू निघून जात राहिला की समतोल साधतच नाही, सगळा दगड चुना होणार, असं मी आबांना छातीठोकपणे सांगितलं. तसंच झालं. खडा पाण्यात पडताच तडतडला, वाफ उठली.

"ही भट्टी आमच्या मास्तरनं लावली बरं का!" आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मला राहवेना. "पहिलीही मीच बिघडवली," मी ओरडलोच. "आबा नको म्हणत होते."

"तुला कुनी इचारलं व्हतं रं?" आबा खवळले.

"मग तवा तुमी का बोलला न्हाई?" कुणीतरी त्यांना विचारलं.

"त्याला लोकांची पोरं शिकवायची हायेत," आबा म्हणाले. "मला काय, दगडच रचायचे." आणि चुना विझवायला त्यांनी आणखी पाणी मागवलं.