पाठीवरची निळी रेघ

आमच्या ह्यांना फार्मवर सगळे सुईमास्तर म्हणतात. नावावरून कुणाला शिंपी वाटेल, पण घरातलं शिलाई मशीन माझं आहे आणि साधं बटण तुटलं तरी हे शर्ट माझ्यापुढे आणून टाकतात. ह्यांची सुई इंजेक्शनची. डुकराचं पिल्लू डाव्या हाताने उचलायचं, छातीशी धरायचं, कानामागे मानेत सुई टोचायची. पिल्लाने ओरडायचं ठरवेपर्यंत काम उरकलेलं असतं. ह्या कामात ह्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, आणि ते त्यांना स्वतःलाही चांगलंच ठाऊक आहे. त्या तोऱ्याबद्दल मी लग्नापासून त्यांची टिंगल करत आले. पुढे जे झालं त्यानंतर मात्र करवेना.

हे बघतात ती शेड दूध तोडलेल्या पिल्लांची. जेमतेम महिन्याची पिल्लं आईपासून काढून इथे आणतात, चार अनोळखी पिल्लांत सोडतात आणि पुढ्यात कोरडं खाद्य ठेवतात. दुधाची सवय असलेलं पोट बिघडतं, हगवण लागते, आणि सकाळी गुबगुबीत दिसलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी पोट खपाटीला गेलेलं सापडतं. इतकी वर्षं ह्यावर उपाय सोपा होता. खाद्यातच अँटिबायोटिक मिसळायचं, पिल्लू आजारी असो वा ठणठणीत. पिल्लं जगत होती, त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं.

मग फार्मवर नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं की रोज थोडं थोडं औषध खाऊन जंतू त्याला सरावतात, आणि एक दिवस ते औषध डुकराला लागू पडत नाही, पुढे माणसालाही नाही. त्याऐवजी त्यांनी एक पावडर आणली. तिच्यात काही आम्लं आणि झाडपाल्याची तेलं होती. आईचं दूध सुटलं की पिल्लाच्या पोटात हवा तेवढा आंबटपणा राहत नाही. पावडरीने तो टिकतो आणि वाईट जंतूंना ठाण मांडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या पावडरीला ओव्यासारखा उग्र वास यायचा. ह्यांचे कपडे धुताना मी म्हणायचे, चला, नोकरीत प्रगती झाली म्हणायची, आता डुकराचा नाही, ओव्याचा वास येतो.

पावडर खरंच किती चालते ते बघायला बाईंनी शेडमधल्या एका रांगेतले कप्पे निवडले आणि ते ह्यांच्या ताब्यात दिले. नियम एकच होता. एखादं पिल्लू फारच आजारी पडलं तर इंजेक्शन जरूर द्यायचं, मुक्या जिवाचे हाल करायचे नाहीत. पण ज्याला सुई लागली त्याच्या पाठीवर निळ्या खडूने रेघ ओढायची. शेवटी रेघा मोजायच्या. जितक्या रेघा कमी तितकी पावडर चांगली. ह्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

झालं काय ते मला फार उशिरा कळलं, आणि ह्यांच्याच तोंडून कळलं. एका कप्प्यात कान दुमडलेलं एक मरतुकडं पिल्लू होतं. त्याला हगवण लागली, ह्यांनी सुई दिली आणि निळा खडू हातात घेतला. तेवढ्यात बाई दारातून डोकावल्या. रांग बघून त्यांचा चेहरा खुलला. अजून एकाही पाठीवर निळं नाही, मास्तर, हे तुमच्या हाताचं यश, असं म्हणून त्या पुढे गेल्या. खडू खिशात गेला तो गेलाच. दुसऱ्या पिल्लाच्या वेळी खिशातून काढायचं कारणच उरलं नाही. पहिल्या पिल्लाला सुई दिली ती दयेने, हे मी मान्य करते. रेघ ओढली नाही त्यात दया कुठेच नव्हती, आणि हे मी त्यांची बायको असून सांगते.

मग मोठी सभा झाली. आसपासचे डुकरं पाळणारे सगळे आले होते. बाईंनी मोजूनमापून सांगितलं की निकाल चांगला आहे, पण एकदम सगळं बदलू नका, आधी थोड्या पिल्लांवर करून बघा. त्यानंतर ह्यांना व्यासपीठावर बोलावलं. हे हरभऱ्याच्या झाडावर चढलेले होतेच. दोन्ही हात वर करून म्हणाले, ह्या हातांनी एकाही पिल्लाला सुई लावलेली नाही. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मी पहिल्या रांगेत, स्वतः शिवलेले नवे कपडे घालून बसले होते, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्या होत्या. शेजारी माझी नणंद बसली होती. भावाचं कौतुक ऐकून तिचे डोळे भरून आले होते.

नणंद ह्यांची एकुलती एक धाकटी बहीण. तिच्या घरामागे छोटीशी शेड आहे. तिथे ती पिल्लं वाढवते आणि त्यावरच त्या दोघांचं घर चालतं. सभेहून गेल्यावर तिचा नवरा म्हणाला की बाई म्हणाल्या तसं आधी अर्ध्याच पिल्लांवर करून बघू. ही ठाम उभी राहिली.

"बाईंचं मला माहीत नाही. माझा दादा खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

तिने औषधाचं खाद्य सरसकट बंद करून सगळ्याच पिल्लांना पावडर सुरू केली. काही दिवसांनी तिचा फोन आला. पिल्लं हगायला लागली होती. आपलं काहीतरी चुकतंय, दादाने येऊन सांगावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. मीही ह्यांच्याबरोबर गेले. हे शेडमध्ये उभे राहिले, इकडे हात लावला, तिकडे वाकून पाहिलं. फरशी ओलसर आहे म्हणाले. दाराच्या फटीतून वारा येतो म्हणाले. खाद्याची कुंडी आणखी घासायला हवी म्हणाले. त्यातलं काहीच अगदी खोटं नव्हतं. कुठल्याही शेडमध्ये शोधलं तर एवढं सापडतंच. नणंदेने तिथल्या तिथे बाही वर सारली आणि गुडघ्यांवर बसून फरशी घासायला घेतली. तिच्या नवऱ्याने विचारलं, निदान आजारी आहेत त्यांना सुई द्यायची का? तिने मान हलवली. दादाने एकालाही टोचलं नाही, मग मी का टोचू? हे शेजारीच उभे होते. दाराची फट पुन्हा चाचपायला लागले.

परतताना वाटेत ह्यांनी दोनदा थांबून मागे वळून पाहिलं. मला वाटलं, बहिणीची काळजी लागली असेल. आता आठवलं की माझ्या भोळेपणाचाच राग येतो.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा शेडच्या भिंतीला टेकून एक पोतं ठेवलेलं होतं. पोत्यात काय आहे ते विचारावं लागलं नाही. नणंद पालथ्या बादलीवर बसली होती. फरशी आरशासारखी लखलखत होती आणि तिच्या बोटांची सालं निघाली होती. तिने हात पुढे करून दाखवले, तक्रार म्हणून नव्हे, काम केल्याचा पुरावा म्हणून. मग ह्यांना म्हणाली की माझ्याच हाताला नीटनेटकेपणा नाही. तुझं बघून मी करायला गेले, पण तुझ्यासारखं मला नाही जमत. उरलेली पिल्लं कुणाला तरी देऊन टाकते आणि शेड बंद करते.

दाराची चौकट धरून हे म्हणाले, "मी टोचलं होतं."

तिला कळलंच नाही. कुणाला टोचलं, असं तिने साधेपणाने विचारलं.

"फार्मवरच्या पिल्लांना. एकाला नाही, बऱ्याच जणांना. रेघ ओढली नाही."

मी तिथेच उभी होते आणि हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं, आता ही ओरडेल, रडेल, काहीतरी फेकून मारेल. तिने ते काही केलं नाही. आपल्या सोललेल्या बोटांकडे बघत राहिली. मग मान वर केली.

"मग मला फरशी का घासायला लावलीस?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मी त्या लखलखीत फरशीवर उभं राहून अनुभवलं. ह्या माणसाशी आपली ओळखच नसती तर, असाही विचार मनात आला, आणि त्याचीही लाज वाटली. हे खिशातून सिरिंज काढायला लागले तेव्हा तिच्या नवऱ्याने त्यांना हाताने थांबवलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई स्वतः आल्या. जी पिल्लं वाचण्यासारखी होती ती वाचली.

ह्यांनी बाईंना तिथेच सगळं सांगितलं. बाई आरडाओरडा करतील तर बरं, असं ह्यांना वाटत होतं. बाईंनी फक्त कुठले कप्पे ते विचारलं आणि त्याच सभागृहात पुन्हा सगळ्यांना बोलावलं. ह्यांनी त्याच व्यासपीठावर उभं राहून सांगितलं. ह्या वेळी हात खाली होते आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. कुणीतरी ओरडून मोठ्याने बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मी ह्याही वेळी पहिल्या रांगेतच बसले. टाळ्या तिथेच बसून वाजवल्या होत्या, आता मागे जाऊन तोंड लपवणं मला पटेना.

बाईंनी सगळी तपासणी नव्याने केली, रेघा ओढायला दुसरा माणूस नेमला. ह्या वेळी काही पाठी निळ्या झाल्या. फार नाही, थोड्या. पावडर काही जादू नव्हती, पण कुचकामीही नव्हती. कोरडी जमीन, उबेचा कोपरा, खाद्यात हळूहळू बदल आणि जोडीला ती पावडर, एवढं जुळलं की बहुतेक पिल्लं औषधावाचून तरतात आणि मोजक्यांनाच सुई लागते. मला सगळ्यांत जास्त चीड येते ती ह्याचीच. खरा निकालसुद्धा पुरेसा चांगला होता. त्यातल्या निळ्या पाठींत लाजण्यासारखं काही नव्हतं.

फार्मवर ह्यांना अजून सुईमास्तरच म्हणतात, पण म्हणण्याची तऱ्हा बदलली आहे आणि हे ती निमूट ऐकून घेतात. सुट्टीच्या दिवशी हे बहिणीकडे जातात आणि तिच्या शेडची फरशी घासतात. तिने कधी ये म्हटलं नाही, येऊ नकोस असंही म्हटलं नाही. चहा देते. दादा म्हणते. पण पिल्लांचं काही विचारायचं असलं की ह्यांच्यादेखत बाईंना फोन लावते, आणि हे खाली मान घालून ब्रश फिरवत राहतात.

गेल्या खेपेला मी बरोबर होते. नव्या पिल्लांतलं एक पाठीला पोक काढून कोपऱ्यात उभं होतं. शेपटीखाली ओलं दिसत होतं. नणंदेने बाईंना फोन केला. सुई द्या, असं उत्तर आलं. ह्यांनी ब्रश बाजूला ठेवला, हात पुसले आणि उभे राहिले. नणंदेने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सिरिंज स्वतः भरली, पिल्लू कसंबसं काखेत दाबलं. धरणं चुकलं होतं, कोनही चुकला होता. पिल्लाने छप्पर डोक्यावर घेतलं. ह्यांची बोटं आपोआप हलत होती, ती मला दिसत होती. अखेर सुई लागली.

पिल्लू तसंच काखेत धरून तिने खिशातून निळा खडू काढला आणि ह्यांच्यापुढे केला.

"रेघ तू ओढ, दादा."

ह्यांनी खडू घेतला. इतक्या वर्षांत सुई कधी न चुकलेल्या त्या हाताने मानेपासून शेपटीपर्यंत ओढलेली रेघ पार वाकडी झाली. नणंदेने पिल्लू खाली सोडलं. लांबून दिसते ना, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, दिसते.