पवईच्या दवातलं मीठ

अंधेरीच्या आमच्या त्या लहानशा विद्यापीठात मी काच फुंकायचं काम करायचो. असं सांगितलं की लोकांना शोकेसमधले काचेचे मोर आठवतात. माझं काम तसलं नव्हतं. प्रयोगशाळेला लागणाऱ्या नळ्या, चंबू, कुप्या, जे बाजारात तयार मिळत नाही किंवा मागवून वर्षभर येत नाही, ते मी बर्नरच्या ज्योतीवर करून द्यायचो. ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. माझी खोली रसायनशास्त्राच्या इमारतीत जिन्याखाली होती. उन्हाळ्यात तिथे कुणी पाच मिनिटंही थांबत नसे.

विद्यापीठ म्हणजे दोन इमारती आणि एक पत्र्याचं कॅन्टीन. पण कोण कशाच्या मागे लागलेलं असेल याचा नेम नव्हता. प्राणिशास्त्राचे एक सर खाडीतल्या निवट्या पाळायचे. चिखलात उड्या मारणारे ते मासे बिळात कसे राहतात ते बघायला त्यांना वाकड्या नळ्या लागत. गृहविज्ञानाच्या एक बाई आंबोळीचं पीठ किती वेळात किती फुगतं ते मोजत होत्या. भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी हवा काढून घेतलेल्या नळीत वीज सोडून जांभळा उजेड पाडायचा आणि दर आठवड्याला नळी फोडायचा. हे सगळं मला चिठ्ठ्यांवरून कळायचं. चिठ्ठीवर आकृती आणि मापं असायची. मी मापं बघायचो, काम करायचो, वस्तू फळीवर ठेवायचो. ती नेऊन माणूस पुढे काय करतो हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

रसायनशास्त्रात एक मुलगी प्रबंधाचं काम करत होती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. बोलायला एकदम तडकफडक. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "दादा, मला तीनशे कुप्या लागतील. भरून तोंड ज्योतीवर बंद करता आलं पाहिजे. कंटाळणार नाहीस ना?"

"तीनशे?"

"दव ठेवायचंय रे त्यात."

मी हसलो. तिने मग स्वतःहून सांगितलं. त्यांच्या घरावरचे पत्रे चार-पाच वर्षांत गंजून जात. कुलपं अडकत, खिडकीचे गज हातात येत. मुलुंडला दिलेल्या तिच्या मावशीकडे मात्र तसेच पत्रे कितीतरी वर्षं टिकले होते. खारा वारा नक्की कुठपर्यंत जातो, हे तिला मोजायचं होतं. थंडीत पहाटे वर्सोवा, अंधेरी, पवई आणि मुलुंड अशा चार ठिकाणी गच्चीवर किंवा छपरावर स्वच्छ प्लास्टिकचा कागद ताणायचा, त्यावर साठलेलं दव गोळा करायचं आणि त्यात मिठातलं सोडियम किती आहे ते बघायचं. ते मोजणारं यंत्र विभागात एकच होतं आणि त्यावर सगळ्यांचा डोळा. आपली पाळी येईपर्यंत दव उडून जाऊ नये म्हणून या बंद कुप्या.

तिच्या चिठ्ठीवर मार्गदर्शक बाईंच्या अक्षरात स्पष्ट लिहिलेलं होतं : कडक काच वापरावी.

आता ही गोष्ट सांगायलाच हवी. काच मऊ असते तशी कडकही असते. मऊ काच साध्या गॅसवर वितळते. कडक काचेला ज्योतीत ऑक्सिजन सोडावा लागतो. त्या आठवड्यात माझं ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं होतं आणि नवं कधी येईल ते भांडारातला कारकूनही सांगू शकत नव्हता. थंडी सुरू झालेली, ती मुलगी रोज दारात. मी मनाशी म्हटलं, पाणीच तर ठेवायचंय, ॲसिड थोडंच आहे. मऊ काचेच्या कुप्या करून दिल्या. सांगितलं नाही. पुढच्या थंडीत सिलिंडर होतं, तरीही मऊ काचेच्याच केल्या, कारण हात बसला होता आणि काम भराभर व्हायचं.

दोन हिवाळे असे गेले. निकाल आले ते चमत्कारिक होते. वर्सोव्याच्या दवात सोडियम भरपूर, ते ठीक. पण पुढे ते कमी व्हायला हवं, ते हवं तसं होईना. पवई तर समुद्रापासून लांब, टेकड्यांच्या आत. तरी तिथल्या दवातही मीठ. बाईंनी त्याला एक कारण शोधलं. मुलुंड-भांडुपकडे खाडी आहे, मिठागरं आहेत. एका बाजूने समुद्र आणि दुसऱ्या बाजूने मिठागरं, म्हणून मधल्या पवईला दोन्हीकडचं मीठ मिळतं. कारण पटण्यासारखं होतं. बाईंनी एका परिषदेसाठी त्यावर निबंधही लिहायला घेतला होता.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर, मार्चमध्ये, त्या यंत्राची पाणी वाहून नेणारी काचेची नळी तुटली म्हणून मला वर बोलावलं. मी ती जागेवरच जोडली. मुलगी म्हणाली, "थांब जरा, चालतंय का बघू."

यंत्र म्हणजे काय, तर एक निळी ज्योत. तिच्यात थेंब थेंब पाणी फवारलं जातं. पाण्यात सोडियम असेल तर ज्योत पिवळी होते, जितकं जास्त तितकी पिवळी, आणि तो पिवळेपणा काटा मोजतो. तिने आधी शुद्ध पाणी लावलं. ज्योत निळी राहिली. मग माझ्या कुपीचं तोंड फोडून पवईचं दव लावलं. ज्योतीला पिवळी झाक आली.

मी पुढे वाकून ज्योतीकडे बघितलं.

मी तो रंग ओळखत होतो, काम शिकताना चष्म्याशिवाय पाहिलेला. मऊ काच ज्योतीत धरली की नेमका तोच पिवळा भडका उठतो, इतका की आतलं काम दिसत नाही. म्हणून तर आम्ही काच फुंकणारे एका वेगळ्या काचेचा चष्मा लावतो. तो पिवळा तेवढा अडवतो. त्यानंतर वर्षानुवर्षं मी चष्म्यातूनच बघत होतो, त्यामुळे तो पिवळा म्हणजे काय हे डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. मऊ काचेत सोडियम असतं. कुपीत पाणी महिनोन् महिने राहिलं, तर त्यातलं थोडं पाण्यात उतरत असेल का?

 हत्यारं गोळा केली आणि खाली आलो.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यापासून घरीच. बोलणं त्यांनी जवळजवळ सोडून दिलं होतं. मी जेवत नाही हे आईने बघितलं, पण विचारलं बाबांनी. मी सगळं सांगितलं. कदाचित माझी चूक नसेलही, मिठागरांचं कारण खरंही असेल, हेही सांगितलं.

बाबा आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "मग गप कशाक रवलंस? खरा काय ता सांगान टाक. त्या चेडवाची दोन वर्सां फुकट जातली."

"त्या मुलीची दोन वर्षं गेलीच आहेत, बाबा."

"तिका म्हायत नाय मां पण."

दुसऱ्या दिवशी मी तिला कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर बोलावून सांगितलं. ती ओरडेल अशी माझी तयारी होती. ती ओरडली नाही. चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाली, "चिठ्ठीवर लिहिलेलं होतं ना रे?"

"होतं."

"मग?"

मी सिलिंडर संपल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "रोज पहाटे पहिल्या बसने पवईला जायचे. घरी आई म्हणते, दव कसलं मोजतेस, माझे बोंबील भिजतात त्यात. वाट लागली सगळ्याची." आणि उठून गेली. तिचे डोळे भरलेले होते. ते मला दिसू नयेत म्हणून ती घाईने गेली, हे मला कळलं.

बाईंकडे आम्ही दोघं गेलो. बाई कडक म्हणून प्रसिद्ध. पांढरी साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणून मी मानणार नाही."

मला वाटलं, बाई आपल्या निबंधासाठी हे झाकून टाकणार. पण त्या पुढे म्हणाल्या, "तुमचा अंदाज आहे. अंदाज मलाही करता येतात, मिठागरांचा केलाच होता. दाखवा मला. कसं दाखवाल?"

अशा प्रश्नाला उत्तर द्यायची माझी पहिलीच वेळ होती. मी अडखळत म्हटलं, "दोन्ही काचांच्या कुप्या करतो. शुद्ध पाणी भरतो. दर आठवड्याला दोन्हीतली एकेक फोडून बघायची."

"आणि प्लास्टिकच्या बाटलीतही ठेवा," बाई म्हणाल्या. "वही घाला. तुमच्या हाताने लिहा."

ती वही माझ्याकडे कितीतरी वर्षं होती. पहिल्या आठवड्यात फरक जेमतेम होता. दुसऱ्या आठवड्यात मऊ काचेच्या कुपीतल्या पाण्याने ज्योत किंचित पिवळी झाली, महिन्याने स्पष्ट. कडक काचेच्या कुपीत अगदी थोडा फरक, प्लास्टिकमध्ये नाहीच. माझी चूक सिद्ध होत चालली होती. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता. दर सोमवारी मी घाईने जिना चढायचो. काटा थांबला की लगेच वहीत आकडा लिहायचो. वरच्या मजल्यावरची माणसं रोज कशासाठी येतात ते मला तेव्हा थोडं समजलं.

पावसाळ्याआधी बाईंनी तो निबंध सोडून दिला आणि दोन्ही हिवाळ्यांचे आकडे बाजूला काढले. तिसरा हिवाळा करायचा ठरला. पण तोपर्यंत मुलीची शिष्यवृत्ती संपली होती. तिने पार्ल्याच्या एका शाळेत नोकरी धरली होती, सकाळची. पहाटे चार ठिकाणी जाणं शक्यच नव्हतं.

"मुलुंड माझं," मी म्हटलं. "पवईही करतो. येताना वाटेतच आहे."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. "कागद आधी शुद्ध पाण्याने धुवायचा. तीनदा. दोनदा नाही."

"तीनदा."

अंधेरी बाईंनी घेतली. त्यांच्याच गच्चीवर, मफलर गुंडाळून. वर्सोव्याला तिची आई तयार झाली. माझ्या वाट्याला आमच्या चाळीचं छप्पर आणि पवईला तलावाजवळच्या एका रखवालदाराची शेड आली. तो रखवालदार पहिल्या दिवशी म्हणाला, "वो मॅडम किधर गया? शादी हुआ क्या?" त्याच्याशी रोज चार शब्द बोलायची सवय लागली. पहाटे पाच वाजता कागदावरचे थेंब एका कोपऱ्यात ओघळवताना बोटं बधिर व्हायची. आता ते सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांत जायचं. त्या कामात माझ्या कुप्यांची गरजच उरली नव्हती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

निकाल आला तो असा. वर्सोव्याहून अंधेरीला येईपर्यंतच मीठ खूप कमी झालं. पवईला सगळ्यात कमी. मुलुंडला मात्र पुन्हा थोडं जास्त. म्हणजे मिठागरांचा बाईंचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. पवईबाबत चुकला, मुलुंडबाबत बरोबर निघाला. बाई त्या दिवशी आम्हाला कॅन्टीनमध्ये घेऊन गेल्या आणि तिघांसाठी बटाटेवडे सांगितले. त्यांना वडा खाताना कुणी बघितलं नव्हतं. कॅन्टीनवाला बघतच राहिला.

प्रबंध लिहिताना एकदा खटका उडाला. बाद केलेले आकडे द्यायचे की नाही? बाईंचं म्हणणं, त्यांची गरज नाही. मुलगी हटून बसली. "बाई, दुसरं कुणी उद्या असंच करील. दोन वर्षं घालवील." शेवटी परिशिष्टात ते आकडे आले आणि माझ्या वहीतला प्रयोगही. ती मला विचारायला आली, "प्रयोगाखाली तुझं नाव घालतेय. चूक कुणाची ते नाही लिहीत."

"लिही ना."

"बाई म्हणतात, तशी पद्धत नाही. आणि मलाही नाही लिहायचं. राग होता तो कधीच गेला, यार."

तिला पदवी मिळाली. पुढे ती एका कॉलेजात शिकवायला लागली.

माझ्यात मात्र एक फरक पडला. चिठ्ठी आली की मी विचारायला लागलो, यात काय ठेवणार, किती दिवस, कशासाठी. आधी लोक चमकायचे, मग खुर्ची ओढून बसायचे. निवट्या खाडीच्या भरतीची वेळ चिखलात असतानाच ओळखतात का, हा सरांचा खरा प्रश्न मला चार वर्षांनी कळला. आंबोळीवाल्या बाईंनी तर मला आईची पद्धत लिहून आणायला सांगितली. उकाडा असूनही माझ्या खोलीत गप्पा चालायच्या आणि विज्ञानाशी संबंध नसलेली माणसंही येऊन बसायची.

त्यातलेच मराठी विभागाचे एक सर गिरणीकामगारांच्या बोलण्यातले शब्द गोळा करत होते. कापड विणायच्या मागाच्या भागांना कामगार काय म्हणायचे, कोणत्या खात्यात कोणती हाक मारायचे, असं. मी त्यांना एका रविवारी घरी घेऊन गेलो. बाबा आधी "माका काय येता" म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले. सरांनी मागाचं एक चित्र काढून एका भागावर बोट ठेवलं आणि मुद्दाम चुकीचं नाव सांगितलं. बाबा ताडकन उठले आणि त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली. त्यानंतर तीन तास ते बोलत होते. हातवारे करत, मधेच मागाचा आवाज काढून दाखवत. आई दारात उभी राहून ऐकत होती.

सर गेल्यावर बाबांनी पाणी मागितलं. घसा बसला होता.

"ते सर परत येतले मां?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या रविवारी येतो म्हणाले."

"मग दाढी करूक होयी," बाबा म्हणाले.