अजून वीस फूट

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बत्तीस वर्षं लोकांच्या अंगणात बोअर मारतायत. मशीनने त्यांचे कान खाल्ले. घरातलं गुपित त्यांना सांगायचं म्हणजे आधी शेजाऱ्यांना कळतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, अजून वर्षभर मशीनवर राहिलात तर उरलंसुरलंही जाईल.

मशीन सोडायचं तर हाताशी पैसा हवा, म्हणून त्यांनी सोनं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले. खाण नाही, सोनं नाही; नुसता एक डोंगर आणि त्यात भोकं पाडायचा परवाना. फोनवर खातं उघडून दिलं मी, व्यवहारही मीच करतो. तेव्हा माझे हात का झडले नाहीत, कोण जाणे.

इतर लोक भाव बघतात. भाऊजी कंपनीचे अहवाल वाचायचे. किती मीटर गेले, खडक कोणता लागला. "ही माणसं आपल्यातली आहेत," म्हणायचे. पहिल्याच भोकात सोन्याचा अंश सापडला आणि भाव तिप्पट झाला. तेव्हा विकले असते तर मशीन त्याच दिवशी सुटलं असतं. मी घसा ताणून म्हणालो, "विकून टाका."

"लागलंय रे," ते म्हणाले. "लागल्यावर कोण सोडतं?"

ही चूक बोअरवालाच करू जाणे. पाण्याला एक भोक पुरतं. लागलं की पाइप सोडायचा आणि पुढच्या कामाला निघायचं. सोन्याचं तसं नाही, तिथे एक भोक म्हणजे नुसती सुरुवात. दुसरं भोक कोरडं गेलं. मग तिसरं, चौथंही. भाव आम्ही घेतला होता त्याच्याही खाली आला, आणि त्या भावालाही कुणी घेईना.

मग कंपनीचं पत्र आलं. अजून तीन भोकं पाडायची आहेत, जुन्या भागधारकांना नवे शेअर स्वस्तात. भाऊजींनी सहा बोअरची कामं धरली आणि आलेला आगाऊ पैसा माझ्याकडे दिला.

ताई म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं तिने गिळलं. मग मला म्हणाली, "तू तरी पाठवू नकोस."

मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी पैसे पाठवले नाहीत. त्या दुपारी त्यांना समजवायला कामावरच गेलो. तीनशे फुटांवरूनही कोरडा धुरळाच वर येत होता. घरमालक बिचारा हात जोडून म्हणत होता, "अजून वीस फूट घ्या ना."

बोलणं कळलं नाही तरी हात कळले. भाऊजींनी मशीन बंद केलं. "दादा, सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले. "इथे नाही. उरलेले पैसे वाचवा."

मी पुढे होऊन ओरडलो, "भाऊजी, आत्ता काय म्हणालात तुम्ही?"

मशीन बंद झालं तरी त्यांच्या कानात ते तासभर चालूच असतं. माझ्या फोनकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "पाठवलेस ना? आज शेवटचा दिवस आहे."

मी पुन्हा ओरडलो. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, लहान मुलासारखे, काहीतरी चांगलंच सांगतोय अशा भरवशाने. माझ्याच्याने राहवलं नाही. तिथेच उभ्याउभ्या पैसे पाठवले आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि ते मशीन आवरायला लागले. अजून पाच बोअर बाकी होते.